धाकट्याला कमर्शियल डायव्हर व्हायचंय, मेडिकलबद्दल सल्ला हवा

किनारा:
आम्ही मालवणचे. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, चार वर्षं पर्यटकांना स्कूबा करवतो. आता त्याला तेलाच्या प्लॅटफॉर्मवर डायव्हर म्हणून जायचंय. कोर्सची फी लाखांत, आई पाटल्या मोडायला निघालीय. एका संस्थेतून सांगितलं, "मेडिकल काय, फी भरल्यावर होऊन जाईल." मला धास्ती वेगळीच आहे. आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला दमा होता, पंप घ्यायचा. आता काही त्रास नाही. दोन वर्षांपूर्वी सर्दीत बुडी मारली आणि कानाचा पडदा फाटला, तो भरून आलाय. चष्मा उणे दोनचा. यातलं काय चालतं? दम्याचं सांगायचं का? मित्र त्याला म्हणतात, गप्प रहा.

खोलपाणी:
ताई, मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, अकरा वर्षं काढलीत. मेडिकल आधी, फी नंतर. यात बदल करू नका. गल्लीतल्या डॉक्टरांचं 'फिट' असल्याचं पत्र उपयोगाचं नाही, डायव्हिंग मेडिसिन शिकलेले डॉक्टर लागतात. कोणाचं सर्टिफिकेट चालेल ते संस्थेकडून लेखी घ्या.

मेडिकलमध्ये काय होतं? रक्त, लघवी, बीपी, ईसीजी, छातीचा एक्सरे, नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री, ऐकण्याची चाचणी, डोळे, दात आणि शेवटी चांगला दम काढणारी व्यायामाची चाचणी. दात का, तर नीट न भरलेल्या दाताखाली हवा अडकली की खाली गेल्यावर कळ येते. चष्म्याची काळजी नको, तेवढा नंबर बहुतेक वेळा चालतो. सर्टिफिकेट फार तर १२ महिने चालतं, मग दरवर्षी पुन्हा सगळं. मधे ऑपरेशन झालं किंवा बेंड्स (घाईने वर आल्यावर अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार) झाले तर पुन्हा तपासणी झाल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत.

कर्णिका:
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ. पडदा नीट भरला असेल आणि नाक दाबून हळूच फुंकल्यावर तो हलत असेल, तर जुनी जखम सहसा आड येत नाही. भोक उरलं असेल तर मात्र नाही. थंड पाणी मधल्या कानात शिरलं की गरगरतं, वर कुठे नि खाली कुठे कळत नाही. बुडीआधी नाक मोकळं करणारे थेंब घालून वेळ मारून नेतात, ते बंद करायला सांगा. औषधाचा असर खालीच ओसरला तर वर येताना कान अडकतो.

जुना_नौसैनिक:
दम्याबद्दल मी सांगतो. कोचीच्या नौदल डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो, त्यामुळे हे अंगात मुरलंय. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे फुप्फुसात घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वासनलिका आवळलेली असेल तर ती हवा बाहेर पडत नाही आणि फुप्फुस फाटतं. हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूत गेले तर माणूस पृष्ठभागावर येता येताच शुद्ध हरपतो. म्हणून डॉक्टर दम्याचं एवढं खोदून विचारतात. लहानपणीचा दमा म्हणजे लगेच नापास असं नाही. स्पायरोमेट्री, गरज पडली तर व्यायामानंतरची स्पायरोमेट्री चांगली आली, कित्येक वर्षं औषध नसलं, तर फिट ठरवू शकतात. आपोआप फुप्फुस पिचकल्याचा इतिहास किंवा मिरगी असेल तर मात्र सहसा दार बंदच.

लपवू नका. तो खाली बेशुद्ध पडला तर त्याला आणायला स्टँडबाय डायव्हरच, म्हणजे मदतीसाठी वर तयार बसलेला दुसरा डायव्हरच, उतरणार. तोही कुणाचा तरी धाकटा असेल.

खोलपाणी:
शंभर टक्के. पर्यटकांबरोबर आज बरं नाही म्हणून थांबता येतं. कामावर हेल्मेट घालून वेल्डिंग चाललेलं असतं, आणि डीकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबणं, घेतल्याशिवाय वर येता येत नाही.

किनारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला बसवून हे वाचून दाखवलं. आधी रागावला, मग स्वतःच माळ्यावरून लहानपणीची फाइल काढली. मुंबईत डायव्हिंग मेडिसिनच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ मिळालीय. तोपर्यंत पाटल्या डब्यात. जाताना काय न्यायचं?

कर्णिका:
ती फाइल, कानाच्या उपचारांचे कागद, चष्म्याचा नंबर. आदल्या दिवशी मोठ्या आवाजाजवळ, बोटीच्या इंजिनापाशीसुद्धा थांबू नये, ऐकण्याची चाचणी बिघडते. सर्दी झाली तर तारीख पुढे ढकला.