मदत हवी आहे: इंटरेस्टिंगच्या उलटा नेमका कोणता शब्द?

मंडळी, इंग्रजीवाले कोणी असतील तर जरा सांगा की. धाकटी बहीण लातूरला बारावीला हाय, तिला इंटरेस्टिंगच्या विरुद्ध अर्थाचे शब्द पाहिजेत अन् मला बोरिंगच्या पुढं काही सुचेना (आमच्याकडं बोरिंग म्हणलं की उन्हाळ्यात बोअर पाडायची गाडीच डोळ्यापुढं येते). शोधलं तर डल, टीडियस, मोनोटोनस, ड्राय, ब्लँड असे ढीगभर निघाले. टीडियस म्हणजे लांबत जाणारं किचकट काम, मोनोटोनस म्हणजे एकाच सुरात चाललेलं, ब्लँड म्हणजे बिनचवीचं, इथपर्यंत कळलं, पण डल रंगाला बी चालतो, दुखण्याला बी चालतो, मग भाषणाला डल म्हणावं का ड्राय? डिसइंटरेस्टेड लिहू नको म्हणलं मी, परीक्षेत त्याचा अर्थ निःपक्षपाती असाच धरतात, कंटाळलेल्याला अनइंटरेस्टेड, तर गाईडात नेमकं उलटं छापलंय, आता ती माझं कशाला ऐकते!

तिला रिपोर्ट लिहायचाय, पाहुण्यांचं भाषण लै रटाळ झालं हे सांगायचंय पण उद्धट वाटायला नको. कोणता शब्द बसंल? एखादं वाक्य करून टाका, नुसती यादी नको, ती गुगलवर बी हाय.