शब्दचर्चा : ‘व्हीली’ला ‘उलाळ’ म्हणता येईल का?

गिरणाकाठ :
मंडळी, एका शब्दावर तुमचं मत हवं आहे. ‘व्हीली’ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की ‘पुढचं चाक उचलणे’, ‘एका चाकावर गाडी चालवणे’ अशी वर्णनं मिळतात. शब्द काही मिळत नाही. मागच्या आठवड्यात पुतण्या आमच्या रिकाम्या वावरात एक्सपल्सचं (हीरोच्या कच्च्या वाटेवर चालणाऱ्या उंच मोटारसायकलचं) पुढचं चाक उचलायचा सराव करत होता. हेल्मेट, गुडघ्याला गार्ड, सगळं घालून. आबा निंबाखाली खाटेवर बसले होते. चाक हातभर वर गेलं तसे ते ओरडले, “अरे, गाडी उलाळ व्हई गयी ना!”

मी जागेवरच थबकलो. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढचा भाग उचलला जातो, जू वर जातं, बैलांच्या गळ्याखालच्या जुपण्या आवळतात. त्याला उलाळ म्हणतात. लहानपणी कपाशीच्या गाडीत आम्ही मागे लोंबकळायला गेलो की आबा म्हणायचे, “मांगे नको बठू, गाडी उलाळ व्हई जाई.” मग मोटारसायकलला हाच शब्द का नको? माझ्या मते नुसता चालेल असं नाही, तो नेमका आहे. तुम्ही काय म्हणता?

पांझरेकर :
शब्द झकास आहे भाऊ, पण एक अडचण दिसते. उलाळ ‘होते’, कोणी ती करत नाही. बैलगाडीवाल्याला ती नकोच असते. व्हीली मात्र मुद्दाम केलेली असते. धुळ्यात पोरं ‘व्हीली मारली’ म्हणतात, जसं कट मारला, ब्रेक मारला. किंवा नुसतं ‘गाडी उठवली’. या ‘मारणे’त आणि ‘उठवणे’त करणारा दिसतो. ‘उलाळ’मध्ये तो दिसत नाही.

गिरणाकाठ :
मान्य, दादा. पण मराठीत पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे आहेच की. गाडी आपोआप उठली तर ‘उलाळली’, मुद्दाम उठवली तर ‘उलाळवली’. आणि हा फरक आपल्याला हवाच आहे. लळिंगच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच चटकन सुटला आणि पुढचं चाक हलकं झालं, तर ती व्हीली मारलेली नसते. गाडी उलाळलेली असते. या दोन गोष्टींना आज आपल्याकडे वेगळे शब्दच नाहीत.

बोरीकाठची मास्तरीण :
मी अमळनेरला नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे या शब्दाच्या आत काय चाललंय ते सांगावंसं वाटलं. बैलगाडीत ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळते. मोटारसायकलमध्ये वजन मागच्या आखाच्या पुढेच असतं, मग ती का उठते? कारण गाडी वेग घेते तेव्हा पुढच्या चाकावरचा भार मागच्या चाकावर सरकतो. किती सरकतो? एकूण वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधलं अंतर. पुढच्या चाकावर होता तेवढा सगळा भार मागे सरकला की चाक जमीन सोडतं.

आता ऑफ-रोडच्या, म्हणजे कच्च्या वाटेच्या गाड्या बघा. एक्सपल्सचं पुढचं चाक 21 इंची, मागचं 18 इंची, इंजिनखाली 220 मिलीमीटर मोकळी जागा, पुढच्या शॉकअपची चाल 190 मिलीमीटर. सगळा बांधाच उंच. चालवणारा बसतोही उंचावर. म्हणजे सूत्रातली उंची वाढली, आणि कमी ताकदीतही चाक उठतं. तो जरा मागे सरकून बसला की आणखी सोपं. उलट रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 मध्ये टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) 32 न्यूटन मीटर, पण वजन जवळपास 200 किलो आणि ठेवण खाली. ती इतक्या सहज उठत नाही. चढावर तर गुरुत्वमध्य मागच्या चाकाकडेच झुकतो, जसं नाल्यातून वर येताना भरलेल्या गाडीचं होतं. म्हणून गिरणाकाठ भाऊ, मला तुमचा शब्द पटला. भार मागे गेला म्हणून पुढचं उठलं, हा अर्थ त्याच्यात आधीपासूनच आहे. ‘व्हीली’त फक्त चाक आहे, कारण नाही.

गॅरेजवाला, चाळीसगाव :
ताई, मास्तरांसारखं बोलता येणार नाही, पण गॅरेजमधली गोष्ट सांगतो. व्हीलीपेक्षा जास्त घोळ ‘पावर’ या शब्दाने होतो. गिऱ्हाईक म्हणतं, “भो, गाडीची पावर वाढवून दे.” मी विचारतो, काय होतंय? कोणी म्हणतं पिकअप नाही. कोणी म्हणतं चढाला ओढत नाही. कोणी म्हणतं नव्वदच्या पुढे दम तोडते. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचाही शब्द एकच, पावर.

ज्याला चढाला ओढ पाहिजे, त्याला मी पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरते त्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करून देतो. इंजिनला हात लावायचा नाही. तेराचा बारा. मागे चाळीस असेल तर आधी पुढच्याच्या 3.08 पट होतं, आता 3.33 पट झालं. मागच्या चाकावरची ओढ आठ टक्क्यांच्या वर वाढते. तेवढीच ओढ मागचं स्प्रॉकेट बदलून पाहिजे असेल तर चाळीसचं त्रेचाळीस करावं लागतं. बदल्यात तेवढ्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) गाडीचा वेग कमी होतो, हायवेवर इंजिन जास्त ओरडतं, आणि चेन लहान वळणावरून फिरते म्हणून लवकर झिजते. पुढचं चाक मात्र झटकन वर येतं. पोरं आनंदाने सांगत सुटतात, पावर वाढली. पावर जिथल्या तिथेच असते.

गिरणाकाठ :
भाऊ, तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. या एका शब्दापायी मी साडेआठ हजार रुपये घालवलेत.

माझ्याकडे दीडशे सीसीची जुनी ऑफ-रोड गाडी होती, कार्ब्युरेटरवाली. तोरणमाळच्या घाटात ती दमायची. एका गॅरेजमध्ये गेलो, म्हणालो, पावर वाढवा. त्यांनी मोकळा सायलेन्सर बसवला, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण कापलं. आवाज असा झाला की गल्लीच्या टोकाला घरच्यांना मी आल्याचं कळायचं. घाटात गेलो तर आधीपेक्षा वाईट. खालच्या आरपीएमला गाडी अडखळायची, कान पिळला (रेस दिली) की एक क्षण काहीच नाही, मग खोकल्यासारखं व्हायचं. शेवटी घरीच प्लग काढला. त्याचं तोंड पांढरंफटक, खडूसारखं. तेव्हा एका जाणत्याने सांगितलं की हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदललेच नाहीत. इंजिन जादा तापत होतं. मेन जेट मोठा टाकल्यावर प्लगचं तोंड विटकरी झालं आणि गाडी सुधारली. तरीही जी थोडीफार सुधारणा झाली ती वरच्या आरपीएमला. मला हवी होती ती खाली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्या दिवशी मी ‘पावर’ऐवजी ‘ओढ’ म्हणालो असतो तर एका स्प्रॉकेटवर काम भागलं असतं. यात फक्त त्या गॅरेजची चूक होती असं मी म्हणत नाही. मी चुकीचा शब्द दिला, त्यांनी त्या शब्दाचं काम केलं.

बोरीकाठची मास्तरीण :
भाऊ, इथेच शब्द स्वच्छ करून ठेवू या. पाठ्यपुस्तकात ‘शक्ती’ म्हणजे कार्य करण्याचा दर. टॉर्कला ‘आघूर्ण’ म्हणतात, पण तो शब्द गॅरेजात कोणी बोलणार नाही, बोलावा असंही मला वाटत नाही. दोघांचं नातं सोपं आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 9549, म्हणजे किलोवॉटमध्ये शक्ती. एक्सपल्स 200 4व्हीचा सगळ्यात जास्त टॉर्क 17.35 न्यूटन मीटर, 6500 आरपीएमला. तिथे शक्ती भरते साधारण 11.8 किलोवॉट. सगळ्यात जास्त शक्ती 19.1 पीएस, 8500 आरपीएमला, म्हणजे 14 किलोवॉट. उलटा हिशेब केला तर तिथे टॉर्क 15.8 वर आलेला असतो. म्हणजे जिथे शक्ती शिगेला असते तिथे टॉर्क उतरणीला लागलेला असतो. एकाच इंजिनात दोन शिखरं आहेत, ती एका शब्दात कशी मावणार?

माझी मांडणी अशी. इंजिनच्या जोराला टॉर्क किंवा जोर. मागच्या चाकाला जमिनीवर मिळतं ते ‘ओढ’. ‘पिकअप’ म्हणजे त्वरण, आणि हा शब्द आता मराठीच झाला आहे, तो बदलायची गरज नाही. ‘दम’ म्हणजे वरच्या आरपीएमला टिकणारी शक्ती. आणि ‘पावर’ फक्त किलोवॉट-पीएसच्या आकड्यापुरता. स्प्रॉकेट बदललं तर ओढ बदलते, पावर नाही. सायलेन्सर, फिल्टर, जेट, इसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) मॅप, बोअर (सिलिंडरचा व्यास), हेडचं काम यांनी पावर बदलते, कधी वाढते, कधी चुकलं तर कमीही होते.

पांझरेकर :
ताई, हे लिहून गॅरेजच्या भिंतीला लावायला हवं. एक भर घालतो. ‘मॉडिफिकेशन’ला सरकारी मराठीत ‘फेरबदल’ म्हणतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई आहे. आणि आवाजासाठी वेगळी कारवाई होते. पोरांना वाटतं ‘फेरबदल’ म्हणजे बोअर वाढवणं, मोकळा सायलेन्सर त्यांना त्यात मोजायचाच नसतो. रस्त्यावर चाक उचललं तर ते धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं, ती भानगड निराळीच. सराव वावरातच करा.

शहाद्याचा वाटसरू :
उशिरा आलो, पण ‘उलाळ’बद्दल माझी थोडी वेगळी बाजू आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे घोडा मागच्या दोन पायांवर उभा केला जातो. तिथे कोणी ‘उलाळला’ म्हणत नाही, ‘उभा केला’ म्हणतात. व्हीलीचे मला दोन प्रकार दिसतात. पहिल्या गिअरमध्ये कान पिळून किंवा क्लच झटक्यात सोडून चाक थोडं उचलतं आणि परत येतं, ती उलाळ. पण गाडी तोलाच्या जागेवर नेऊन, मागच्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून, थोडा कान पिळ, थोडा ब्रेक असं करत लांबवर नेणं, त्याला ‘गाडी उभी धरली’ म्हणावं. तिथे त्वरण जवळपास संपलेलं असतं, उरतो तो तोल. मास्तरीणताईंचं भार सरकण्याचं सूत्र तिथे पुरत नाही.

आणि डुअल-स्पोर्टला, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणाऱ्या अशा गाडीला, आमच्याकडे साधं ‘उंच गाडी’ म्हणतात. तेच ठेवा.

बोरीकाठची मास्तरीण :
बरोबर आहे दादा. माझ्या मांडणीत ही जागा राहून गेली होती. दोन शब्द ठेवू या.

गिरणाकाठ :
मलाही पटलं. उलाळवणे आणि उभी धरणे. आज संध्याकाळी आबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, “आणि खाले आननं त्याले काय म्हणतस?” मी गप्प. पुतण्याने तेवढ्यात वावरात पुन्हा चाक उचललं, पण घाबरून रेस एकदम सोडली. चाक धाडकन खाली आलं, पुढचा शॉकअप शेवटपर्यंत दबला आणि हँडल त्याच्या हातात थरथरलं. आबा म्हणाले, “हाई आपटनं.” मग त्याने मागचा ब्रेक हलकेच दाबत, रेस थोडी राखून चाक उतरवलं. ढेकूळही फुटलं नाही.

“आनी हाई टेकाडनं,” आबा म्हणाले. बैल सोडताना जू जमिनीला लावतात त्यालाही ते हेच म्हणतात.