आयटी हेडने धंद्याच्या तालावर किती नाचावं?

महापेकर (धागाकर्ता)

"धंदा बदलतोय, आयटीनेही बदलायला हवं." प्रत्येक टाउनहॉलमध्ये हे ऐकून कान किटले आहेत. मी एमआयडीसीतल्या एका कन्झ्युमर प्रॉडक्ट्स कंपनीचं आयटी बघतो. माझं मत असं, की प्रत्येक मागणीला मान डोलावणारा आयटी हेड ऐन वेळी काहीच बदलू शकत नाही.

ताजं उदाहरण घ्या. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने जाहीर केलं की १२ आणि २८ चे टप्पे जाणार, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ वर येणार. अंमल २२ तारखेपासून, म्हणजे थेट घटस्थापनेला. हातात तीन आठवडेसुद्धा नाहीत, त्यात गणपतीला गेलेली निम्मी टीम अजून कोकणात. ज्यांच्या सिस्टीममध्ये कराचा दर एका टेबलात (वेगळ्या तक्त्यात), 'कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू' अशा तारखांसकट होता, त्यांनी एक ओळ वाढवली, टेस्टिंग केलं आणि मोकळे झाले. ज्यांनी कधीकाळी "आत्ता चालवून घे, नंतर बघू" म्हणत दर थेट बिलाच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवला होता, त्यांनी १८ खोडून ५ केलं. २२ ला बिलं झकास निघाली. मग ऑगस्टमध्ये विकलेला माल डीलरकडून परत यायला लागला. त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम डीलरच्या खात्यात वळती करणारा कागद) मूळ बिलाच्या दराने, १८ टक्क्यांनीच निघायला हवी. सिस्टीम ५ ने काढत बसली. दिवाळीच्या तोंडावर अकाउंट्सची माणसं एक्सेलमध्ये हाताने क्रेडिट नोटा जुळवत होती. ही आमच्याच गल्लीतल्या एका कंपनीची गोष्ट, नाव सांगत नाही.

ते दराचं टेबल बसवायला कुणी बजेट देत नाही, टाळ्या तर सोडाच. म्हणून मी म्हणतो, निम्म्या मागण्यांना सरळ नाही म्हणा आणि उरलेल्या वेळात घर साफ करा. असहमत असाल तर मुद्द्यासकट या.

घोडबंदरवाली

आले मुद्द्यासकट. मी तुमच्याच कंपनीत सेल्समध्ये आहे, आणि तुमच्या त्या 'नाही'ची दुसरी बाजू रोज बघते. आमचे डीलर ऑर्डर व्हॉट्सॲपवर देतात. रात्री साडेदहाला व्हॉइस मेसेज येतो, "ताई, मोठ्या बाटलीचे चाळीस बॉक्स, छोटीचे मागच्या वेळेइतकेच." मागच्या वेळी किती होते ते शोधून आमचा एक मुलगा गूगल शीटमध्ये भरतो. सकाळी दुसरा मुलगा तेच ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या मुख्य सिस्टीममध्ये, भरतो. साधं डीलर ॲप मागितलं होतं हो. आधी रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट द्या, मग त्यावर सही, मग "आता स्कोप फ्रीझ झाला," म्हणजे मागणीत बदल चालणार नाही. तोवर आमची स्कीम दोनदा बदलून गेली. आणि वर्षाच्या शेवटी हेच आयटीवाले प्रेझेंटेशन देतात, की बिझनेसची माणसं परस्पर टूल्स वापरतात, सिक्युरिटीला धोका आहे. वापरतात, कारण तुम्ही देत नाही!

भिवंडीच्या गोदामात तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? क्विक कॉमर्सवाल्यांची पीओ (खरेदीची ऑर्डर) येते, माल पोचवायला ठरावीक वेळेचा स्लॉट असतो, बारकोड किंवा एमआरपी जुळली नाही की गाडी परत. तुमच्या त्या २२ सप्टेंबरनंतर जुन्या मालावर नव्या एमआरपीचे स्टिकर लावले, एकाच बारकोडच्या मालाला दोन एमआरपी झाल्या. आमच्या सिस्टीमला एकच कळते. गाड्या परत आल्या. तेव्हा आयटीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं तर उत्तर काय? "प्रायॉरिटी थ्री." म्हणजे घाई नाही.

ऐरोली_नाईटशिफ्ट

महापेकरांना +१. घोडबंदरवाली ताई, तुमचा वैताग कळतो, पण 'हो' म्हणणाऱ्यांचं काय होतं तेही बघा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एका दणक्यात नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. १९ लाखांपर्यंत लोक स्वतःच्याच खात्याबाहेर अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड. कारण? सप्लायर तयार आहे की नाही याची नीट खात्री त्याने करून घेतली नव्हती.

आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेचे नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली होती, वारंवार सेवा बंद पडल्या (आउटेज झाले) म्हणून. कार्डं विकणारा धंदाच बंद. मी रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो. शुक्रवारी संध्याकाळी "छोटासा बदल आहे, टाकून दे" म्हणणारे साहेब शनिवारी पहाटे फोन उचलत नाहीत, एवढंच सांगतो.

घोडबंदरवाली

आम्ही बँक नाही, शाम्पू विकतो. डीलरचं ॲप तासभर बंद पडलं तर तो फोन करेल. ते ॲपच नसेल तर तो दुसऱ्या कंपनीचा माल ठेवेल. सगळ्याला एकाच तागडीत तोलता, हीच माझी तक्रार आहे.

घणसोली_फ्रेशर

एवढा वाद कशाला? एआय एजंट लावा. व्हॉइस मेसेज ऐकेल, ऑर्डर भरेल, क्रेडिट नोटसुद्धा काढेल. दोन वर्षांत ईआरपीची स्क्रीन कुणी उघडणारच नाही.

ऐरोली_नाईटशिफ्ट

@घणसोली_फ्रेशर, एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनी म्हणाली, बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते फेटाळलं आणि भरपाई द्यायला लावली. तुझा एजंट "मागच्या वेळेइतकेच" म्हणजे चारशे बॉक्स समजला तर गाडीभाडं कोण भरणार?

वागळे_इस्टेट_सीए

दोन्ही बाजू आयटी हेडच्या स्वभावावर भांडताहेत. मला यात पैशांचा प्रश्न दिसतो. आयटीचं बजेट मार्चमध्ये वर्षभरासाठी ठरतं आणि मागण्या दर महिन्याला बदलतात. माणूस कितीही लवचीक असो, त्याच्या हातात ऑगस्टमध्ये एक रुपया मोकळा नसतो. त्यात व्हेंडरही दणका देतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. एकदा घेतलं की झालं, असं समजून बसलेल्यांच्या खर्चाचा तक्ता कोलमडला. माझ्या क्लायंटना मी सांगतो, आयटीच्या बजेटचा एक हिस्सा कुठल्याही प्रोजेक्टच्या नावावर टाकू नका. तिमाहीला सेल्स, फायनान्स आणि आयटीने एका टेबलावर बसून तो वाटावा. सीएफओ (वित्तप्रमुख) लोक याला कडाडून विरोध करतात, कारण नाव नसलेला खर्च त्यांना बघवत नाही. (मी त्याच जातकुळीतला, म्हणून सांगू शकतो.)

आणि घोडबंदरवाली, तुमच्या त्या शीटमध्ये डीलरचे, त्यांच्या पोरांचे मोबाइल नंबर आहेत ना? वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. डेटा नीट न जपल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर ती शीट अजून उघडते का, आजच बघा.

जुना_ईडीपी

आमच्या वेळी ईडीपी मॅनेजर, म्हणजे तेव्हाचा आयटी हेड, चीफ अकाउंटंटच्या हाताखाली असायचा, म्हणून बॅलन्सशीट वेळेवर आणि बाकी सगळं उशिरा. महापेकर, तुम्ही कुणाला रिपोर्ट करता?

महापेकर

सीएफओला. आणि हो काका, रोख कळला. खर्च किती वाचवला यावरच माझं वार्षिक मूल्यमापन होतं.

घोडबंदरवाली, तागडीचा मुद्दा घेतो. बिल, स्टॉक, कर आणि मास्टर डेटा (डीलर, माल वगैरेंच्या मूळ नोंदी) यांना मी घाईत हात लावू देणार नाही, कोणी कितीही ओरडो. पण ऑर्डर घेण्याचा दर्शनी भाग तुमच्या टीमने आपल्या पसंतीच्या टूलमध्ये करावा आणि ती ऑर्डर आमच्या एपीआयमधून (दोन सिस्टीम जोडणाऱ्या दुव्यातून) आत यावी, याला माझी ना नाही. माझा एक माणूस आठवड्यातले काही दिवस गोदामात बसवायलाही तयार आहे. एकच अट. आधी डीलर मास्टर साफ करून द्या. एकच डीलर 'श्री गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स ठाणे' आणि 'गणेश ट्रेडर' असा तीनदा आहे. क्रेडिट लिमिट (उधारीची मर्यादा) तिन्हीकडे वेगवेगळी. अशा मास्टरवर ॲप बसवलं तर तो एका खात्यावर पैसे थकवेल आणि दुसऱ्यावरून माल उचलेल.

घणसोली_फ्रेशर

जीएसटी नंबर सारखा असेल त्या सगळ्या नोंदी एकत्र करा. पाच मिनिटांची स्क्रिप्ट आहे.

घोडबंदरवाली

आणि मग डिलिव्हरी कुठे पाठवणार? एका राज्यात एका कंपनीच्या सगळ्या शाखांना बहुधा एकच जीएसटी नंबर असतो. गणेशचं एक दुकान ठाण्यात आहे, दुसरं कल्याणला, मालक दोन भाऊ, आपसात बोलत नाहीत. तिसरी नोंद खरंच चुकीची आहे. हे तुमच्या स्क्रिप्टला माहीत नाही, आमच्या एरिया मॅनेजरला माहीत आहे.

महापेकर, एपीआयची आणि गोदामातल्या माणसाची ऑफर मान्य. पण "साफ करून द्या" म्हणून जबाबदारी झटकू नका. ही तीन खाती उघडली कुणी? सेल्सने फॉर्म भरला, फायनान्सने लिमिट दिली, तुमच्या सिस्टीमने तोच जीएसटी नंबर तिसऱ्यांदा निमूट घेतला. सध्या नव्या खात्यावर फक्त फायनान्सची सही लागते. एरिया मॅनेजरचीही सही सक्तीची करा आणि नंबर पुन्हा आला तर सिस्टीमने तिथेच अडवून कारण विचारावं. एवढं झालं की यादी मी स्वतः लावून देते, डीलर टू डीलर.

महापेकर

नंबरवर अडवणं माझ्या हातात आहे, करतो. सहीचं सीएफओ ऐकणार नाहीत. त्या मीटिंगला तुम्हीही या.

वागळे_इस्टेट_सीए

मार्चच्या आधी घ्या ती मीटिंग.