युरेटर : मूत्रनलिका, मूत्रवाहिनी की गवीनी?

शब्दवेडी :
मूतखड्याच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘खडा युरेटरमध्ये (किडनीपासून मूत्राशयापर्यंत लघवी नेणाऱ्या नळीत) अडकला आहे’ इथे मी ‘मूत्रनलिकेत’ लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘मूत्रवाहिनीत’ केलं. त्यांच्या मते मूत्रनलिका म्हणजे लघवी बाहेर पडते तो शेवटचा मार्ग. आमच्या घरी मूत्रनलिका म्हणजे किडनीपासून निघणारीच. काय धरावं?

घाटमाथा :
डॉक्टरांचं बरोबर आहे. ‘नलिका’ म्हटलं की नळातून पाणी ओघळल्यासारखं वाटतं. युरेटर तसा नुसता पोकळ नसतो. २५-३० सेंटिमीटरच्या त्या वाटेवर भिंतीतले स्नायू मिनिटाला एक ते पाच वेळा आवळतात आणि लघवी पुढे ढकलतात. म्हणून आडवं झोपलं तरी मूत्राशय भरत राहतं. वाहून नेते ती वाहिनी!

जुनी वही :
तयार शब्द असताना नवे कशाला पाडायचे? गवीनी! अथर्ववेदात पहिल्या कांडात ‘यदान्त्रेषु गवीन्योर्यद्वस्तौ’ असं आहे, म्हणजे जे आतड्यांत, दोन गवीनींत, बस्तीत (मूत्राशयात) आहे ते. द्विवचन बघा, दोन बाजूंच्या दोन. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनीही मूत्राशयाकडे मूत्र नेणाऱ्या, दोन्ही कुशींतल्या नाड्या असाच अर्थ दिलाय.

घाटमाथा :
पण त्याच सायणभाष्यात त्या नाड्यांतलं मूत्र आतड्यांतून निघतं, वृक्कापासून (किडनीपासून) नाही. सुश्रुतसंहितेतही मूत्र पक्वाशयाकडून (मोठ्या आतड्याकडून) बस्तीत येतं, नद्या सागराला मिळाव्यात तसं. आजचा अवयव त्या शब्दात जसाच्या तसा बसत नाही.

जुनी वही :
मग ‘अणू’ हा जुना शब्द आजच्या विज्ञानातल्या अर्थाला कसा बसवलात? अर्थ बदलला म्हणून शब्द टाकायचा नसतो.

रानवाट :
दवाखान्यात गवीनी कोण म्हणतं हो? पाठीतून कळ निघून कुशीतून जांघेत उतरते तेव्हा माणूस ‘किडनीच्या नळीत खडा’ एवढंच म्हणतो. तेच लिहा.

सांगावा :
रानवाट, नुसतं ‘नळी’ फार महागात पडतं. आमच्या नात्यात एकांचा खडा काढल्यावर युरेटरमध्ये स्टेंट (वाट मोकळी राहावी म्हणून काही काळ आत ठेवतात ती बारीक नळी) ठेवला होता. ‘आत नळी आहे, काढायला या’ असं सांगितलं. लघवीची पिशवी लावलेली नळी घरी येण्याआधीच काढली होती, त्यामुळे घरच्यांना वाटलं, झालं ते काम. स्टेंट कित्येक महिने आतच राहिला, त्यावर क्षार साचले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ताई, तुमच्या पत्रकात मूत्रवाहिनी लिहा नाहीतर किडनीची नळी लिहा, पण ती किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाते हे त्याच वाक्यात येऊ द्या. आणि स्टेंटला स्टेंटच म्हणा.

जुनी वही :
‘किडनी’ तरी कशाला? मूत्रपिंड आहे, वृक्क आहे.

रानवाट :
वृक्क परीक्षेपुरता. मटणाच्या दुकानात गुर्दा मागतात, वृक्क मागून बघा.

जुनी वही :
गुर्दा फारसी आहे.

घाटमाथा :
फारसी आहे, पण परका नाही. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘वॅरॅध्क’ आणि संस्कृत ‘वृक्क’ एकाच मुळाचे, गुर्दा त्याच इराणी शाखेतला. गुर्दा वर्ज्य आणि वृक्क शुद्ध, हा भेद मला पटत नाही.

जुनी वही :
मूळ एक असेल, पण मराठीत वृक्क संस्कृतातून आला. मी वृक्कच लिहिणार.

रानवाट :
आणि मूत्रपिंडाचं काय? आमच्या आजीला तोच एक शब्द ठाऊक होता.