खुणा येणं आणि भाषा येणं

'दोन-तीन महिने सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकल्या की कर्णबधिर व्यक्तीची मदतनीस म्हणून काम सुरू करता येतं' हे मला पटत नाही. मीही तसंच समजून या कामात आले. शब्दांच्या खुणा पाठ होत्या, पण ज्यांची मदतनीस होते त्या बाई प्रश्न विचारताहेत की काही सांगताहेत, हेच कळेना. कारण मी फक्त त्यांच्या हातांकडे बघत होते. या भाषांचं बरंचसं व्याकरण चेहऱ्यावर असतं. अनेक सांकेतिक भाषांत नुसत्या उंचावलेल्या भुवयांनी विधानाचा प्रश्न होतो.

शिवाय ही भाषा जगभर एकच नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत बोली इंग्रजी एकच, पण तिथल्या सांकेतिक भाषा पूर्ण वेगळ्या. अमेरिकेतलीचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे.

मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट शारीरिक मदतीची. कपडे घालताना किंवा खुर्चीत बसवताना आपण त्यांचे हात धरतो, म्हणजे त्यांचं बोलणंच बंद करतो! आपलेही हात गुंतलेले असतात. म्हणून आता काय करणार ते आधी सांगायचं, त्यांचं उत्तर बघायचं, मगच हात लावायचा. मध्ये 'दुखतंय' म्हणायला एक हात तरी मोकळा हवा.

आणि डॉक्टर शस्त्रक्रियेची संमती घेत असतील तर मदतनिसाने दुभाषी होऊ नये. तिथे प्रशिक्षित दुभाषीच मागा, थांबावं लागलं तरी.