शिवणी जुळवू की ब्लॉक सपाट ठेवू?

चौकोनी_चिंधी
क्विल्टिंगला (तुकडे जोडून गोधडी शिवायला) नुकतीच सुरुवात केली आहे. ३.५ इंचाचे १६ चौकोन, चार-चारच्या चार ओळी, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया (शिवणीच्या आत जाणारी कड) गेली की ब्लॉक, म्हणजे जोडून झालेला मोठा चौकोन, १२.५ इंच यायला हवा. येतो कधी १२ १/८, कधी १२ ३/८. ओळी जोडताना शिवणीला शिवण भिडवली की ब्लॉक मध्ये फुगतो. भिडवायचा हट्ट सोडला की टेबलावर छान सपाट पडतो, पण चौफुल्या (चार चौकोनांचे कोपरे मिळतात त्या जागा) हुकतात आणि गडद-फिक्या रंगांमुळे ते लांबूनही दिसतं. सध्या सगळी माया इस्त्रीने एकाच बाजूला दाबते, काही जण म्हणतात उघडून, दोन्हीकडे पसरून दाबा. आधी कशाकडे लक्ष द्यावं? कापड सुती, मशीन साधं, पाव इंच मायेसाठीचा वेगळा फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) नाही.

सूतभर
ताई, जुळवणं आणि सपाटपणा यांचं भांडण नाहीच. जुळवण्यासाठी कापड ओढावं लागतंय याचा अर्थ तुकड्यांची मापं आधीच वेगळी झाली आहेत. तेव्हा आधी माप, मग सपाटपणा, शिवणी सगळ्यात शेवटी. माप एकदा बसलं की शिवणी बऱ्याच अंशी आपोआप जुळतात.

तुमचाच हिशोब बघा. १२.५ च्या जागी १२ १/८, म्हणजे तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी. एका दिशेला शिवणी तीन, म्हणजे प्रत्येक शिवणीत एक सूत जातंय. शिवणीला दोन बाजू, म्हणून प्रत्येक बाजूची माया अर्ध्या सुताने जास्त घेतली जाते. अर्धं सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, शिवताना ते डोळ्याला कळत नाही. १२ ३/८ वाल्यात एकच सूत जातंय. असे कमी-जास्त तुकडे शेजारी आले की एकाला ओढावंच लागतं.

नेमकी पाव इंच माया घेतली तरी ब्लॉक किंचित लहान येतो, कारण दाबलेल्या घडीत दोऱ्याच्या आणि कापडाच्या जाडीएवढं कापड खर्च होतं. म्हणून पाव इंचाला एक-दोन धागे कमी घ्यायचे. चाचणी अशी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण ३.५ इंच आणि मधली पट्टी बरोबर १ इंच भरली पाहिजे. मधली कमी भरली तर माया जास्त जातेय, जास्त भरली तर माया कमी. कडेच्या पट्ट्यांवरून काही ठरवू नका, त्यांना एकच शिवण असते.

वेगळा फूट नसला तरी अडत नाही. आलेखाच्या कागदावर पाव इंचाची रेघ मारा, सुई हाताने फिरवून त्या रेघेच्या जराशी उजवीकडे टेकवा आणि कागदाच्या उजव्या काठाला लागून मशीनवर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापडाची कड त्या थराला घासत गेली पाहिजे. नजर सुईवर नाही, पट्टीवर. पुन्हा तीन पट्ट्यांची चाचणी करा आणि गरजेप्रमाणे चिकटपट्टी एक-दोन धागे सरकवा. दोरा जाड असेल तर बदला, ५० नंबरचा सुती दोरा आणि ८०/१२ ची सुई पुरते.

कापतानाही बघा. मोजपट्टीची रेघ कापडाच्या कडेवर आहे की कडेच्या आत, एवढ्यावरून चौकोनागणिक अर्ध्या सुताचा फरक पडतो. दहा चौकोन एकावर एक रचा, कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर चूक कात्रीची आहे, मशीनची नाही.

उरेब_नको
वरच्या उत्तराला इस्त्रीची जोड देते, कारण फुगवट्याचं निम्मं कारण तिथेच असतं. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, पुढे-मागे घासायची नाही. घासली की कड ताणली जाते, आणि उरेब (तिरक्या कापलेल्या) कडेची तर लगेच लाट होते.

क्रम असा. शिवण झाल्यावर तुकडा न उघडता, आहे तसाच शिवणीवर इस्त्री टेकवा. टाके कापडात बसतात. मग गडद कापड वर ठेवून उघडा आणि सुलट बाजूने इस्त्री टेकवा. घडीच्या तळाशी कापड दुमडलेलं राहिलं तर तिथेच दोन धागे गेले, म्हणून ती जागा बोटाने आधी पूर्ण उघडून घ्या. वाफ शेवटी, तीही ब्लॉक थंड होईपर्यंत न हलवता. मऊ कापडाला कापण्याआधी खळ दिली तर बराच त्रास वाचतो.

ब्लॉक फुगतोय की लाटा येताहेत, हेही ओळखायला शिका. मध्ये वाटीसारखा फुगला तर कडा आखूड पडल्या आहेत. मध्यभाग सपाट आणि कडा लहरी असतील तर कडा ताणल्या गेल्या आहेत. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं आहे.

चौफुली
दाबायची दिशा. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, असं बहुतेकांना सांगितलं जातं. ओळी जोडताना दोन्ही मायांचे उंचवटे समोरासमोर येऊन अडकतात, बोटाने चाचपलं की ‘टक’ असं बसलेलं कळतं. चांगलंच आहे, पण चौफुलीवर जाडी राहते.

त्याहून बरं म्हणजे ओळीतल्या ओळीत दिशा बदलणं: पहिली ओळ उजवी-डावी-उजवी, दुसरी डावी-उजवी-डावी, तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. मग लांब शिवण मारून झाली की प्रत्येक चौफुलीवर, लांब शिवणीच्या पलीकडे मायेत उरलेले उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके दोन्ही बाजूंनी उसवा. लांब शिवण अजिबात उसवायची नाही. चौफुली बोटाने पसरली की माया भिंगरीसारखी चारही दिशांना फिरते आणि मध्ये इवलासा चार तुकड्यांचा चौकोन दिसतो. जाडी वाटली जाते, ब्लॉक सपाट पडतो.

एक धोका: ओळीतल्या सगळ्या शिवणी एकाच दिशेला दाबल्या असतील तर हे करू नका. शेजारच्या दोन चौफुल्या एकाच बाजूला फिरतात आणि मधल्या तुकड्यात माया पिळली जाते. दिशा आलटून-पालटून असल्या तर तो पीळ पडत नाही. शिवाय असे ब्लॉक न फिरवता शेजारी ठेवले तर एका ब्लॉकची माया दुसऱ्याच्या उलट येते, म्हणजे ब्लॉक जोडतानाही शिवणी अडकतात.

शिवताना जमेल त्या चौफुलीवर वरच्या थराची माया सुईकडे तोंड करून ठेवा, दिशा आलटून-पालटून असल्या की सगळीकडे ते जमत नाही. फूट वरचं कापड किंचित मागे ढकलतो, त्यामुळे वरचा उंचवटा खालच्यावर जाऊन घट्ट बसतो. उलट ठेवलं तर तीच ओढ दोघांना लांब करते. टाचणी शिवणीत नको, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लावा, बारीक, आणि सुई पोहोचण्याआधी काढा.

टोकदार_तारा
मी उघडून दाबायच्या बाजूची. आठ टोकं एका बिंदूत मिळणारा तारा असेल तर एका बाजूला दाबून तिथे गाठच होते. मात्र उघडून दाबलं की अडकायला उंचवटा उरत नाही, सगळा भार टाचण्यांवर. टाकाही २ मिमी घ्यावा लागतो, नाहीतर शिवणीत दोरा दिसतो. आणि थर एकत्र शिवायचं क्विल्टिंग शिवणीच्या खाचेतून करायचं असेल तर उघडलेल्या मायेत सुई नुसत्या दोऱ्यावर पडते, तिथे आधाराला कापड नसतं. तुमच्या १६ चौकोनांना चौफुली यांचीच पद्धत बरी.

चौकोनी_चिंधी
चाचणी केली, मधली पट्टी १ इंचाला पाऊण सूत कमी भरली. आता झालेल्या ब्लॉकांचं काय? सगळे १२ १/८ ला कापून सारखे करू?

सूतभर
कापू नका. १२ ३/८ वाल्याच्या दोन्ही कडांचा एकेक सूत गेला की कडेचे चौकोन मधल्यांपेक्षा अरुंद होतात, आणि शेजारच्या ब्लॉकशी शिवणी मग कधीच जुळत नाहीत.

दोन सुतांचा फरक जिरवता येतो. आधी दोन्ही टोकं आणि तिन्ही शिवणी टाचा, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला अर्धंच सूत येतं. लांब ब्लॉक खाली, मशीनच्या दातांवर, आखूड वर. दात खालचं कापड जास्त ओढून घेतात, सैल भाग चुणी न पडता बसतो. वरून ताण द्यायचा नाही. एका चौकोनात सुतापेक्षा जास्त जिरवायची वेळ आली तर मात्र ती शिवण उसवलेलीच बरी.

झाल्यावर अर्ध्या सुताची चूक राहिली तर सोडून द्या, क्विल्टिंगनंतर कापड थोडं आक्रसतं आणि ती विरून जाते. त्याहून मोठी असेल तर चौफुलीच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच उसवून तेवढाच भाग पुन्हा शिवा, पूर्ण ओळ उसवायची गरज नाही.

उरेब_नको
किंवा ब्लॉकांमध्ये पट्ट्या घाला, दीड-दोन इंचांच्या. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापा, १२ १/४ ठीक राहील, आणि ब्लॉक त्यांना बसवा. म्हणजे कुणालाही एका सुतापेक्षा जास्त ताणावं वा जिरवावं लागत नाही, आणि शेजारच्या चौफुल्या एकमेकींना भिडवायचा प्रश्नच उरत नाही.