मदत हवी आहे: इव्हँजेलियनचा शेवट डोक्यावरून गेला

मंडळी, 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे (१९९५-९६) सगळे २६ भाग संपवले आणि शेवटच्या दोन भागांनी पार गोंधळ उडवलाय. यंत्रांची मारामारी बघायला बसलो होतो हो!

नायक शिंजीचं 'पळायचं नाही' असं घोकणं, बापाच्या एका शाबासकीसाठी इव्हात (म्हणजे त्या महाकाय लढाऊ यंत्रात) चढणं, इथवर पटतं. तत्त्वज्ञ शोपेनहावरची साळिंदरंही समजली: जवळ गेलं की काटे टोचतात, लांब राहिलं की थंडी वाजते.

गाडी अडते ती एटी फील्डपाशी. आधी वाटलं, हे शत्रूचं कवच. मग २४व्या भागात शिंजीचा मित्र काओरू सांगतो की ही तर प्रत्येकाच्या मनाची भिंत. मग सगळ्यांच्या भिंती पाडून मनं एकत्र विरघळवायची ही मालिकेतली योजना, हा एकटेपणावर इलाज की स्वतःलाच पुसून टाकणं? शेवटी सगळे टाळ्या वाजवून अभिनंदन करतात, तेव्हा शिंजी खरंच सावरलाय, की नुसती मनाची समजूत?

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो स्वतः नैराश्यातून गेले होते, हे वाचलंय. त्या अंगाने कुणी उलगडून सांगेल का? आणि १९९७चा 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' हा चित्रपट आत्ताच बघू, की आधी मालिका पुन्हा एकदा? (इव्हा चालवणाऱ्या आसुकाचा २२वा भाग पुन्हा बघायची हिंमत नाही, खरं सांगतो.)